छाननीचा प्रश्न

मंक्टनला डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो
आणि आमची पाळी पाचला सुरू होते,
म्हणजे लोक जेवायला बसतात तेव्हा.
माणूस घरी सापडायला हवा, हे धंद्याचं पहिलं सूत्र.
त्याने घास खाली ठेवला का, याला रकाना नाही.

नंबर आम्ही लावत नाही, यंत्र लावतं.
कानात टिंग वाजते
आणि कुणीतरी आधीच "हॅलो?" म्हणून गेलेलं असतं.
तेवढ्या अर्ध्या सेकंदात
नाव, आवाज, हसू गोळा करायचं.
(हसू फोनवर ऐकू येतं, असं भिंतीवर लिहिलंय.)

पाटीवर: पूर्ण ४, अपेक्षित ९.
नकार मोजत नाहीत. शिव्या मोजत नाहीत.
लघवी मोजतात.
कोड सात दाबून उठायचं,
की पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळ हळूहळू लाल होतं.
ओदील कोर्मिएचं अकरा मिनिटं लाल होतं.
तिला पोटाचा त्रास होता, हे सगळ्यांना माहीत होतं,
घड्याळ सोडून.
दुसऱ्या दिवशी तिच्या खुर्चीत कॉलेजचा एक पोरगा,
आणि हेडफोनला अजून तिच्या हातच्या क्रीमचा वास.

मी आधी शेदियाकच्या कारखान्यात शेवंडी सोलायचो.
हात गारठायचे, पण तोंड आपलं होतं.
मुकादमाच्या नावाने बोटं मोडायला
बोटं मोकळी नसायची, तरी मोडायचो.
इथे हात उबेत आहेत, तोंड भाड्याने दिलंय.
प्रश्न लिहिलाय तसाच वाचायचा.
"बरं वाटलं ऐकून" म्हणायचं नाही, उत्तर झुकतं.
"अरेरे" तर नाहीच नाही.
एक बाई म्हणाली, हे गेल्यापासून मशीन लावतच नाही,
दोन तर कपडे असतात, हातानेच धुते.
मी विचारलं,
ते "क्वचित" धरू की "कधीच नाही"?

गुरुवारी, सात चाळीसला, टिंग.
"हॅलो?"
ओळखायला अर्धा सेकंदही लागला नाही.
"नमस्कार, माझं नाव येवॉन,
कपडे धुण्याच्या पावडरीबद्दल थोडे प्रश्न होते.
कुठल्या भाषेत बोलू, इंग्रजी की फ्रेंच?"
पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज.
"आपल्या," ती म्हणाली.
मी फ्रेंचवर खूण केली.

"तुम्ही किंवा घरातलं कुणी
जाहिरात, पत्रकारिता किंवा बाजारपाहणीत काम करतं का?"
हो म्हटलं की आभार मानायचे, फोन तोडायचा,
तो मोजत नाहीत.
हा प्रश्न मला तिनेच शिकवला होता,
श्वास कुठे घ्यायचा त्यासकट.
"नाही," ओदील म्हणाली.
"आता नाही."

सव्वीस प्रश्न.
एक म्हणजे मुळीच समाधानी नाही, पाच म्हणजे अत्यंत.
तिने भराभर आकडे फेकले नाहीत, त्याने संशय येतो.
मध्येच "हं" केलं,
एक प्रश्न पुन्हा वाचायला लावला,
एकदा तिनाचे दोन केले.
काय कसबी बाई.
मध्ये ओळीवर बारीक टिक्क झालं,
म्हणजे वरून मर्ना ऐकायला बसली.

"सुवासाच्या बाबतीत?"
"चार. खिडकीजवळचा रेडिएटर अजून ठकठकतो का हो?"
"माफ करा, मला फक्त आकडा नोंदवता येतो."
"मग चारच."
ठकठकत होता.
मी माइक जरासा तिकडे वळवला.

शेवटचा प्रश्न मोकळा असतो:
आणखी काही सांगायचंय?
उत्तर शब्दशः टाइप करायचं, व्याकरणही सुधारायचं नाही.
ती थोडी थांबली.
"नवीन पोराला सांगा,
हेडफोनची डावी बाजू दाबून धरली की
खरखर जाते."

मी शब्दशः टाइप केलं.
पाटीवर चाराचे पाच झाले.
टोरंटोत कुणीतरी ते वाचेल,
पावडरीशी त्याचा काय संबंध, म्हणून डोकं खाजवेल,
आणि कोड लावेल:
इतर.